सतरा नंबरची मादी

आमच्या कॉलेजच्या प्राणीघरात एक खोली होती, तिथं दिवसा रात्र असायची. सकाळी नऊला दिवे आपोआप विझायचे आणि रात्री नऊला लागायचे. उंदीर अंधारात जागे असतात आणि आम्ही नोकरदार माणसं उजेडातच कामावर येणार, म्हणून घड्याळच उलटं फिरवलेलं. आत एक तांबडा बल्ब असायचा. तो उजेड उंदरांना जवळजवळ दिसत नाही. आम्हाला दिसायचा, पण त्यात समोरच्या माणसाचे डोळे दिसत नसत. डोळ्यांच्या जागी नुसते खड्डे दिसत.

मी तिथं १९९७ साली पीएच.डी. करायला आले. पहिल्या दिवशी दार ढकलून आत शिरले तर अंधारातून आवाज आला, "ताई, जागेवर उभ्या ऱ्हा. डोळ्याला सवय होऊ द्या. पायात पिंजरा हाय."

ते कडूबामामा. प्राणीघराचे शिपाई. पंचवीस वर्षं त्यांनी उंदीर सांभाळले होते.

मामा पाचोडजवळच्या एका वस्तीवरचे. रझाकारांच्या धामधुमीत त्यांचा जन्म. आधीची दोन लेकरं गेलेली, म्हणून आईनं नाव कडूबा ठेवलं. कडू चीज यमसुद्धा तोंडात घालत नाही, असा समज. चौथीपर्यंत शिकले, मग भावांबरोबर शेती केली. बहात्तरच्या दुष्काळात विहिरीतला गाळसुद्धा वाळला, तेव्हा शहरात आले आणि कॉलेजात शिपाई म्हणून लागले. प्राणीघरात कुणी टिकत नव्हतं. तिथला वास कपड्याला लागतो, मग केसांना, आणि काही महिन्यांनी कातडीला. मामांना त्याचं काही वाटलं नाही. ते राहिले.

त्यांच्या हाताला एक गुण होता. कसलाही बिथरलेला उंदीर त्यांनी मुठीत घेतला की शांत व्हायचा. मादी माजावर आली आहे की नाही, हे आम्ही काचेवर थेंब घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघायचो. मामा पिंजऱ्याजवळ नाक नेऊन सांगायचे, "उद्या. आज नाय." वर्षभरात ते दोनदा चुकले असतील.

माझ्या मार्गदर्शक डॉ. भानुमती सेलूकर. सगळे त्यांना मॅडम म्हणत. परदेशात शिकून परत आलेल्या, एकट्या राहणाऱ्या, कमी बोलणाऱ्या. त्यांचा अभ्यास असा होता की काही प्राणी जोडीनं राहतात, काही राहत नाहीत, तर तो फरक मेंदूत कुठं असतो. प्रयोगशाळेतला पांढरा नर आज हिच्याकडं, उद्या तिच्याकडं. त्याच्यावर हा अभ्यास होत नाही. अमेरिकेतल्या माळरानावरच्या एका उंदराची जोडी जन्मभर टिकते आणि त्याचं कारण मेंदूतल्या एकदोन रसायनांत आहे, असं तेव्हा तिकडं नुकतंच सापडलं होतं. मॅडमना आपल्याकडचा तसा प्राणी हवा होता.

तो मामांनी दिला. मॅडम आणि एक प्राध्यापक बोलत होते, मामा चहा घेऊन आले होते. कप ठेवता ठेवता म्हणाले, "आमच्याकडं कपाशीच्या बांधाला एक मऊ केसाचा उंदीर ऱ्हातो. बीळ खणलं की दोघंच निघतात, नर आन मादी. एकाला मारलं तर दुसरं पळत नाय. तिथंच बसून ऱ्हातं."

पुढच्या रविवारी मॅडम त्यांच्याबरोबर पाचोडला गेल्या. बाजाराचा दिवस, तरी मामांनी भावाला आणि दोन गड्यांना धरून रानात नेलं. आठवडाभरात चाळीस जोड्या शहरात आल्या आणि त्यांच्यासाठी ती उलट्या दिवसाची खोली तयार झाली.

प्रयोग समजायला अवघड नव्हता. रानात मादी आणि नर एकत्र येतात, संग होतो, तेव्हा मादीच्या मेंदूत ऑक्सिटोसिन नावाचं रसायन सुटतं आणि समोरचा नर तिला ओळखीचा होतो, कायमचा. मॅडमना बघायचं होतं की संग न होता, नुसतं ते रसायन मेंदूत सोडलं आणि समोर एखादा नर ठेवला, तर मादी त्याची होते का. त्यासाठी भूल देऊन मादीच्या डोक्यात केसाएवढी नळी बसवायची, नळीला एक लहान पंप जोडायचा, आणि तो पंप सहा तास थेंबाचा अंश अंश आत ढकलत राहणार. त्या सहा तासांत पिंजऱ्यात एक अनोळखी नर असायचा. कुठला, ते आम्ही चिठ्ठ्या टाकून ठरवत होतो.

दुसऱ्या दिवशी परीक्षा. तीन खणांची काचेची पेटी. डाव्या खणात कालचा नर, उजव्या खणात नवा नर, दोघंही दोऱ्यानं बांधलेले. मधला खण रिकामा. मादी मोकळी. तीन तास ती कुठं बसते ते बघायचं.

ज्या माद्यांना नुसतं मिठाचं पाणी दिलं होतं त्या तिन्ही खणांत भटकायच्या. ज्यांना रसायन दिलं होतं त्या सरळ डावीकडं जायच्या, कालच्या नराच्या कुशीला अंग लावायच्या आणि डोळे मिटून घ्यायच्या. चुकून नव्या नराजवळ गेल्या तर त्याला चावायच्या. मी स्टॉपवॉच घेऊन बसायची. मामा काचेजवळ वाकून हलक्या आवाजात सांगायचे, "बसली." मी बटण दाबायची.

नऊपैकी आठ माद्या अशा बसल्या. आठवीच्या वेळी मामा सहज म्हणाले, "म्हणजे ज्याची चिठ्ठी निघाली, त्याची बायको." मी हसले. तेही हसले.

सतरा नंबरची गोष्ट १९९९च्या फेब्रुवारीतली.

त्या दिवशी दहा वाजता आम्ही सतरा नंबरच्या मादीला पंप लावला, नर सोडला, आणि मी लायब्ररीत गेले. मॅडम मुंबईला होत्या. मी चार वाजता परतले. खोलीत शिरले तर मामा स्टुलावर बसलेले, उजवा हात कोपरापर्यंत पिंजऱ्यात. त्या तांबड्या उजेडात तो हात त्यांचा वाटेना, बाहेरून कुणी तरी आत घातल्यासारखा दिसत होता.

"काय झालं मामा?"

"नर गेला. सोडला आन धा मिंटात आडवा झाला. ही बावचळली, नळी वढाया लागली. निघाली असती तर मेंदू फाटला असता. म्हून धरली."

"कधीपासून?"

"तव्हापासूनच."

"पंप बंद करायचा ना."

"पंपाला हात लावायचा नाय, असा म्याडमचा हुकूम हाय."

सहा तास. पाणी प्यायला उठले नव्हते. मी पंप थांबवला, नळी सोडवली. मामांनी मूठ उघडली. मादी पळाली नाही. तळव्यावर तशीच बसून राहिली, मिशा स्थिर, आणि मामांना ती दोन वेळा झटकून पिंजऱ्यात ठेवावी लागली.

मॅडम परत आल्यावर रागावल्या नाहीत. सतरा नंबरपुढं त्यांनी 'बाद' असं लिहिलं. पण तिच्या डोक्यातली जखम कशी भरते ते बघायचं होतं, म्हणून ती ठेवली.

खरं तर तिची परीक्षा घ्यायचं काही कारण नव्हतं. मी कुतूहलानं घेतली. दोन्हीकडं दोन नर बांधले आणि तिला मधल्या खणात सोडलं. ती डावीकडं गेली नाही, उजवीकडं गेली नाही. मधल्या खणात, मामांचं स्टूल ज्या बाजूला होतं त्या काचेला अंग लावून बसली आणि डोळे मिटून घेतले.

"इकडं ऊब असंल," मामा म्हणाले.

मी स्टूल उचलून पेटीच्या पलीकडं ठेवलं. मामा तिथं जाऊन बसले. सतरा नंबर उठली, खण ओलांडून त्या बाजूच्या काचेला येऊन टेकली. मी त्याच स्टुलावर बसून पाहिलं. ती माझ्याकडं आली नाही. खोलीत मामा जिथं उभे होते त्या कोपऱ्याकडं तोंड करून थांबली. आम्ही जागा अकरा वेळा बदलली. अकरा वेळा ती मागं गेली.

नर काढून घेतले, पण तिला आम्ही पेटीतच ठेवली. पहिल्या दिवशी मामांना गंमत वाटली. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "ताई, ही बघती कशी, तुम्ही पाह्यलं का?"

मी पाहिलं होतं, पण बोलले नव्हते. उंदीर बघत नाही. उंदीर वास घेतो, कान फिरवतो, मिशा हलवतो. ही पुढचे पाय काचेला टेकवून नुसती बघायची. मामा झाडू मारत असले तर तिचं डोकं झाडूबरोबर नाही, मामांबरोबर फिरायचं.

"ते म्याडम नळीतून सोडतात," मामांनी विचारलं, "ते नेमकं काय असतं?"

मी सांगितलं.

"म्हशीनं पान्हा चोरला की टोचतात, ते?" मामा छावणी भागात राहायचे, शेजारी गवळ्यांचे गोठे होते.

"हो, तेच. बायकांना बाळंतपणात कळा येत नसल्या की सलाईनमधून देतात, तेही तेच."

मामांच्या हातात धान्याचा डबा होता. तो त्यांनी खाली ठेवला. "बाईला बी तेच?"

"तेच, मामा."

ते बाहेर गेले. थोड्या वेळानं मी पाहिलं तर प्राणीघराच्या पायरीवर भर उन्हात बसले होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला त्यांच्या घरची हकीगत सांगितली. आम्ही अंधारात बसलो होतो, मी त्यांचा चेहरा नीट बघू शकत नव्हते. कदाचित म्हणूनच सांगितली असेल.

त्यांची बायको द्वारकाबाई, लासूर स्टेशनची. त्र्याहत्तर साली लग्न झालं. द्वारकाबाईंना मामा नको होते. पहिल्याच वर्षी त्या दोनदा एकट्या गाडीत बसून माहेरी निघून गेल्या. दुसऱ्या वेळी चार माणसं जमली, कारण विचारलं. द्वारकाबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "माणूस वाईट नाय. पर मला त्यांचा वास सहन होत नाय. जवळ आले की मळमळतं. मला नको." तो प्राणीघराचा वास. मामा दोनदा अंघोळ करायचे, उटणं लावायचे, वास जात नव्हता. लोकांनी समजूत घालून त्यांना परत पाठवलं. त्या मामांबरोबर एका घरात राहायच्या आणि तोंडाला पदर लावून मामांना जेवायला वाढायच्या.

पंचाहत्तर साली बाळंतपण आलं. कळा थांबल्या, तेव्हा दवाखान्यात सलाईन लावलं. जवळ बसायला द्वारकाबाईंची आई येणार होती. तिची गाडी चुकली. मामा कामावरून तसेच, अंघोळ न करता, दवाखान्यात गेले. द्वारकाबाई सुई उपटत होत्या, म्हणून नर्सनं मामांना सांगितलं, हिचा हात धरून बसा. मामा अकरा तास मनगट धरून बसले. मूल झालं ते गेलेलंच झालं. मुलगी होती.

"त्या दिसापासून बाई बदलली," मामा म्हणाले. "माहेरचं नाव नाय. मी कामावर निघालो की कोपऱ्यापर्यंत येती, परत यायच्या टायमाला दारात उभी. मी भिंतीला टेकून बसलो तर तीबी त्याच भिंतीच्या पलीकडून टेकून बसती, चुलीपाशी. माझा सदरा धुवायच्या आधी नाकाला लावती. त्याच वासाला तोंड फिरवीत होती ती. मूल पुढं झालं नाय, तरी तिचं काही म्हणणं नाय. लोक म्हणायचे, कडूबाचं नशीब. मला वाटायचं, म्या सेवा केली म्हून तिचं मन वळलं. चोवीस वरसं ह्याच डौलात ऱ्हायलो."

काचेपलीकडं सतरा नंबर बसली होती. मामांनी तिकडं पाहिलं आणि मान फिरवली.

"ताई, ती गाडी चुकली नसती तर ती तिच्या आईची झाली असती. म्हणजे चिठ्ठीच की."

मी त्यांना मॅडमकडं नेलं. मला वाटलं, त्या काही तरी नीट समजावतील. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "सलाईनमधलं औषध रक्तात राहतं. मेंदूत फारसं पोचत नाही. तुम्ही समजता तसं नाही ते."

मामांनी मान हलवली. त्यांना बरं वाटलेलं दिसलं. पण मॅडम अर्धं सांगून थांबणाऱ्यांतल्या नव्हत्या. "मात्र बाळंतपणात बाईचा मेंदू स्वतःच ते सोडतो," त्या म्हणाल्या. "लेकरू ओळखीचं व्हावं म्हणून. आणि माणसाच्या बाबतीत यानं किती काय होतं, ते कुणालाच नक्की ठाऊक नाही."

"आन लेकरूच नसलं तर?"

"ते मला माहीत नाही, कडूबा," मॅडम म्हणाल्या.

बाहेर आल्यावर मी त्यांना म्हटलं, "मामा, तुम्हालाही त्यांची ओढ आहेच ना. तुम्हाला कुणी काय टोचलं होतं?"

"माझं मला ठाऊक हाय, ताई. मला ती पळून गेली तव्हाबी हवी होती. तिनं नको म्हणून सांगितलं होतं, चार माणसांत. ती नको म्हणणारी बाई कुठं गेली, ते कुणी इचारलं नाय. म्याबी नाय."

मार्चमध्ये मामांनी रजा न घेता एका रविवारी द्वारकाबाईंना लासूर स्टेशनला भावाच्या घरी नेऊन सोडलं. सांगितलं, "आता इथं ऱ्हा. मन लागलं तर कायमची ऱ्हा. मी न्यायला येणार नाय." द्वारकाबाईंनी एवढंच विचारलं, "किती दिस?" मामा म्हणाले, "तुझं तू ठरीव." आणि आल्या गाडीनं परत आले.

ते नऊ दिवस मामा फार वाईट दिसत होते. जेवणाचा डबा नसायचा. कामात चूक नव्हती, पण मधेच थांबून दाराकडं बघायचे. एकदा मला म्हणाले, "खोलीत गेलो की पाठ उघडी पडल्यावानी होती." सतरा नंबर मात्र त्या दिवसांत खुशीत होती. मामा जास्त वेळ थांबत होते. तिच्या अंगावर तजेला आला होता.

दहाव्या दिवशी दुपारी मी प्राणीघराचं दार उघडलं तर पायरीवर एक बाई उभी. उंच, हिरवं लुगडं, हातात कापडी पिशवी. डोळे खोल गेलेले. मी नाव विचारण्याआधीच त्या म्हणाल्या, "आतल्या खोलीत हायेत ना ते. वास येतोय."

दोन दारं आणि एक बोळ मध्ये होता. मला कसलाच वेगळा वास येत नव्हता.

मी त्यांना आत नेलं. मामा पेटीजवळ होते. अंधारात त्यांना कोण आलं ते दिसलं नसावं. पण सतरा नंबरला कळलं. ती काचेपासून उठली आणि पहिल्यांदाच मामांवरून डोकं फिरवून दाराकडं वळली.

"काहून आलीस?" मामांनी विचारलं. आवाज बारीक झाला होता.

"भाकर उतरंना. दोन दिस वाट पाह्यली, मग तुमचा सदरा नेला होता तो उशाला घेतला. त्याचा वास सरला. आले." मग त्या पेटीकडं वळल्या. "हीच का ती?"

मामांनी घरी तिच्याबद्दल सांगितलं होतं, हे मला तेव्हा कळलं.

द्वारकाबाई पेटीसमोर खाली बसल्या. सतरा नंबर आणि त्या, मध्ये काच. पिंजऱ्यांतल्या बाकीच्या उंदरांची खुडबूड चालू होती, ती मला थांबल्यासारखी वाटली.

"हिला कळत नाय का, तुम्ही उंदीर नाय म्हून?"

"कळत असंल," मामा म्हणाले.

"मग?"

"मग काय. बसती."

द्वारकाबाईंनी मान डोलावली. "मलाबी कळत होतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही मला नको होता, हे मी कधी इसरले नाय. ते अजून हाय, जसंच्या तसं. सकाळी कधी कधी जाग येती आन पहिलं तेच आठवतं. पर त्या दवाखान्यापासून माझ्या आत दुसरंच कुणी येऊन बसलंय. त्याला तुम्ही लागता. तुम्ही नसले की ते मला जेवू देत नाय. मी म्हणलं, बसू द्या. पोरगी गेल्यावर घर तसंबी रिकामंच होतं."

"तुम्हाला सांगितलं नाय," त्या पुढं म्हणाल्या. "सांगून तुम्हाला वाईट वाटलं असतं. तुम्ही लई खुशीत होता."

मग त्यांनी पेटीचं वरचं झाकण सरकवलं आणि हात आत घातला. मी थांबवायच्या आत सतरा नंबर धावून आली आणि त्यांच्या बोटाला कडकडून चावली. ती अनोळखी नराला चावायची तशीच, सोडत नव्हती. मामा पुढं झाले. द्वारकाबाईंनी दुसऱ्या हातानं त्यांना अडवलं.

"चावू द्या. तिचं बरोबर हाय."

रक्त बोटावरून मनगटापर्यंत आलं. त्या तांबड्या उजेडात ते काळं दिसत होतं. त्यांनी हात मागं घेतला नाही. शेवटी सतरा नंबरनंच सोडलं, दोन पावलं मागं गेली आणि बसून राहिली. मी द्वारकाबाईंना बाहेर नेऊन बोट धुतलं, पट्टी बांधली. त्यांचा हात गार होता आणि अगदी स्थिर. त्यांनी मला विचारलं, "ताई, ह्याच्यावर उतारा हाय का?"

मी सांगितलं की ही ओढ तयारच होऊ नये असं एक औषध आहे, पण ते आधी द्यावं लागतं. एकदा झाल्यावर काढणारं मला माहीत नाही.

"नसू द्या," त्या म्हणाल्या. "असतं तरी म्या घेतलं नसतं. चोवीस वरसांनी त्याला ऊठ म्हणायचं म्हणजे..."

मामा त्यांना घेऊन घरी गेले. त्यानंतर महिनाभर ते बायकोला घाबरत होते, असं त्यांनीच मला सांगितलं. म्हणायचे, "ती वाढाया बसली की मी बघत ऱ्हातो, भाकरीवर हात कुणाचा हाय. हिचा, का त्याचा."

जुलैत मामांना हिवतापानं गाठलं. ते पाच दिवस आले नाहीत. सतरा नंबरनं दुसऱ्या दिवशी खाणं सोडलं. मी धान्य बदललं, गूळ दिला, मामांची जुनी टोपी पेटीत ठेवली. टोपीवर ती एक दिवस बसली. चौथ्या दिवशी सकाळी मेलेली होती. मॅडमनी मेंदू तपासायला घेतला नाही. तसा नियम होता, तरी नाही घेतला. का, ते मी विचारलं नाही.

बरे झाल्यावर मामांनी बदलीचा अर्ज दिला आणि मॅडमनी त्याच दिवशी सही केली. मामा लायब्ररीत गेले. पुस्तकं कपाटात लावायची, आलेल्यांना काढून द्यायची. पहिले काही महिने मुलं त्यांच्या टेबलापासून अंतर ठेवून उभी राहत. मग वास हळूहळू कमी झाला. दिवाळीपर्यंत पूर्ण गेला. मामांच्या अंगाला पुस्तकांचा आणि डांबरगोळ्यांचा वास येऊ लागला.

माणसाला एरवी याचं बरं वाटलं असतं. मामांना भीती वाटत होती. मी एकदा पुस्तक परत करायला गेले तर त्यांनी मला बाजूला नेलं. "ताई, ज्या वासावर ती टेकली होती, तो गेला. आता काय होईल?"

"काही फरक पडला का?"

"अजून नाय. वाट बघतोय."

ते दोन वर्षं वाट बघत होते. द्वारकाबाई कोपऱ्यापर्यंत यायच्या, दारात उभ्या राहायच्या, भिंतीला टेकून बसायच्या. एवढं खरं की मामांनी आता त्यांच्याशी बोलायला सुरुवात केली होती. पूर्वी कधी विचारलं नव्हतं ते विचारायचे: कुठली भाजी आवडते, झोपायला कुठली बाजू हवी, शेजारणीशी भांडण कशावरून झालं. त्यातून कळलं की द्वारकाबाईंना मेथी आवडत नाही. पंचवीस वर्षं त्या दर आठवड्याला करत होत्या. मामांना आवडते म्हणून.

दोन हजार एक साली, माझा प्रबंध सादर झाला त्याच महिन्यात, द्वारकाबाईंच्या भाचीचं लग्न निघालं. त्या मामांना म्हणाल्या, "मी आठ दिस जाऊन येते. तुम्ही लग्नाच्या दिवशी या." मामांनी हो म्हटलं. लग्नाच्या दिवशी त्यांना लायब्ररीतून सोडलं नाही. परीक्षेचे दिवस होते. द्वारकाबाई आठही दिवस तिकडं राहिल्या.

मी शहर सोडण्याआधी मामांचा निरोप घ्यायला गेले होते. त्यांनी मला खुर्ची दिली आणि स्वतः कपाटाला टेकून उभे राहिले.

"आठ दिस ऱ्हायली," ते म्हणाले. "जेवली म्हणं. हळदीला नाचली म्हणं, पन्नाशीला आलेली बाई. मेव्हण्यानं फोनवर सांगितलं."

"मग चांगलंच झालं की, मामा."

"व्हय. पर मला झोप आली नाय. चौथ्या दिवशी जेवणबी सुटलं. नवव्या दिवशी ती आली. दारात उभी ऱ्हायली तर मला वळखू येईना, आलेली कोण हाय. नको म्हणणारी, का दुसरी."

"विचारलं का त्यांना?"

"नाय. तिनं दारातूनच सांगितलं, अंग आंबलंय, पाणी तापवा."

"मग?"

"तापवलं," मामा म्हणाले, आणि पुस्तक मागायला आलेल्या मुलीकडं वळले.